उजव्या हाताचे दान आणि बोलणारी पेटी



गतवर्षी सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या मंडळीत एक लहानशी गोष्ट घडली. ती हसण्यावारी नेता आली असती, व कित्येकांनी ती तशी नेलीही; परंतु मजकडून ते झाले नाही, म्हणून आज ती या पत्राच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

आमच्या प्रार्थनामंदिराच्या दाराशी पूर्वी दानाची लाकडी पेटी असे. तेथे आता काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक छापील चौकोन चिकटविलेला आहे. शिकलेले लोक त्यास क्यूआर कोड म्हणतात. आमच्या गावात सरसकट 'स्कॅनर' म्हणतात. त्याच्या शेजारी हातात मावेल एवढी एक पेटी आहे, किराणा दुकानात व चहाच्या टपरीवर असते तीच. कोणी फोनवरून पैसे पाठविले की ही पेटी ती रक्कम मोठ्याने बोलून दाखविते. त्या रविवारी अर्पणाचे गीत संपले आणि मी मंडळीस मूक प्रार्थनेसाठी मस्तके लववावयास सांगितले. सारे शांत झाले. तोच पेटी बोलली, "पाच हजार रुपये प्राप्त झाले." कित्येकांच्या माना वर झाल्या. मी डोळे मिटूनच होतो असे लिहावयास मला आवडले असते. परंतु माझेही डोळे दाराकडे गेले. क्षणभराने पेटी पुन्हा बोलली, "दहा रुपये प्राप्त झाले." मागल्या रांगेतील मुले हसली.

पाच हजार देणारा कोण हे दुपारच्या जेवणापूर्वी साऱ्या वस्तीस ठाऊक झाले. दहा रुपये देणारा कोण हेही झाले. आणि तो मनुष्य पुढले दोन रविवार उपासनेस आला नाही.

डोंगरावरील उपदेशात प्रभूने दानाविषयी काय शिकविले हे आपल्या शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतात. उजवा हात काय करितो ते डाव्या हातास कळू नये, आणि दान करिताना ढोंगी लोकांप्रमाणे पुढे कर्णा वाजवू नये. हे वचन वाचताना मला पूर्वी वाटे की, कर्णा वाजवून दान देणारा मनुष्य आज कोठे सापडणार? आता मला त्याचा शोध करावयास नको. कर्णा आम्ही स्वतः भाड्याने आणला आहे, त्यास रोज रात्री वीज पाजतो, आणि प्रभूच्या मंदिराच्या दाराशी त्यास मांडून ठेविला आहे.

आता या सोयीचा धिक्कार करावा, असे म्हणावयास मी बसलेलो नाही. जी वस्तू आपण नीट जाणत नाही तिला पाप म्हणणे फार सोपे असते, म्हणून प्रथम ती वस्तू काय आहे ते पाहू. कित्येक उपदेशक बंधू मला विचारितात की, पैसे फोनात असतात काय, व फोन हरवला तर पैसेही गेले काय? तसे नाही. पैसे जेथे होते तेथेच, म्हणजे बँकेत असतात. फोन हा केवळ निरोप्या आहे. आपण चौकोनाचे चित्र टिपितो, रक्कम लिहितो व गुप्त आकडा दाबितो. तो निरोप मनोऱ्यावरून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेच्या यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा आपल्या बँकेस 'इतके कमी कर' व घेणाऱ्याच्या बँकेस 'इतके वाढव' असे सांगते. आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन्ही बँकांच्या वह्यांत नोंद होते. या व्यवस्थेस यूपीआय म्हणतात.

आपल्या देशात ती एप्रिल २०१६ मध्ये निघाली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात जिओ कंपनीने चौथ्या पिढीचे, म्हणजे फोर-जी, जाळे देशभर अगदी स्वस्तात खुले केले. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. त्या हिवाळ्यात बँकेच्या दारी आपण किती उभे राहिलो ते वाचकांस सांगावयास नको. या तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या नसत्या, तर आमच्या गावच्या भाजीवालीच्या टोपलीस आज तो चौकोन लटकला असता की नाही, याची मला शंका आहे. पुढे १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीच्या जाळ्याचा आरंभ झाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या व्यवस्थेवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. ही गोष्ट आपल्याच देशात प्रथम घडली असेही नव्हे. आफ्रिकेतील केनया देशात २००७ साली एम-पेसा नावाची व्यवस्था निघाली, व तीत साध्या बटणांच्या फोनवरून पैसे जाऊ लागले. तेथील कित्येक मंडळ्या आज त्याच मार्गाने दान स्वीकारितात. तेव्हा हा प्रश्न आमच्या एका गावचा नाही.

या व्यवस्थेचे एक मोठे पुण्यही कबूल केले पाहिजे, आणि ते म्हणजे नोंद. जुन्या काळी दानाच्या थैलीपायी मंडळ्यांत किती भांडणे झाली! माझ्या बाळपणी आमच्या गावच्या एका वृद्ध उपदेशकांवर थैलीतील पैसे कमी भरल्याचा आरोप आला. त्यांच्याजवळ वही होती, पण ती त्यांच्याच हाताची होती. साक्षीस कोणी नव्हते. ते निर्दोष होते असे माझ्या वडिलांचे मत शेवटपर्यंत होते, परंतु ते सिद्ध करावयास त्यांच्याजवळ मताखेरीज काही नव्हते. आज बँकेचा एक कागद त्यांस त्या अपमानातून सोडविता. पौल प्रेषिताने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती रक्कम नेण्यास मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू बंधू बरोबर घेतले. आणि याचे कारण त्याने करिंथकरांस उघड लिहिले की, देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही आपला व्यवहार निर्मळ दिसावा. म्हणजे हिशेब उघडा असावा ही शास्त्राचीच आज्ञा आहे.

मग पेच येथे आहे. दान माणसांपासून लपलेले असावे, आणि हिशेब माणसांस दिसणारा असावा. एकच पैसा, आणि त्याविषयी दोन आज्ञा. लाकडी पेटीत या दोहोंचा मेळ आपोआप बसत असे. पैसा आत पडताच तो कोणाचा हे पुसून जाई. पेटी दोन पंचांसमोर उघडली की बेरीज तेवढी उरे. फोनच्या दानात मात्र नाव व रक्कम एकमेकांस जखडून येतात, आणि ती जोडी कधी सुटत नाही. दहा वर्षांनीही ती काढून वाचता येते.

यरुशलेमच्या मंदिरातही हा पेच लोकांस पडला होता असे दिसते. यहूदी लोकांच्या मिश्ना नावाच्या प्राचीन ग्रंथात मंदिरातील दानाच्या तेरा पेट्यांचे वर्णन आहे, व त्यांचा आकार कर्ण्यासारखा होता असे तेथे म्हटले आहे. नाणे आत पडताना त्याचा आवाज होत असणार, आणि जड चांदीच्या नाण्याचा आवाज पातळ तांब्याच्या नाण्याहून निराळा होत असणार, हे सांगावयास ग्रंथ नको, कान पुरेत. परंतु त्याच ग्रंथात आणखी एका खोलीचा उल्लेख आहे, व ती मला अधिक मोलाची वाटते. तिचे नाव गुप्त दानाची खोली. पापभीरू लोक तेथे गुपचूप आपले दान ठेवून जात, आणि चांगल्या घराण्यातील परंतु हलाखीत आलेली माणसे तेथूनच गुपचूप आपला निर्वाह घेत. देणारा कोण, घेणारा कोण, हे कोणी पाहत नसे. एकाच मंदिरात वाजणाऱ्या पेट्या होत्या आणि न वाजणारी खोलीही होती. आम्ही पेट्या ठेविल्या आणि खोली विसरलो.

त्या पेट्यांसमोरच प्रभू बसला होता, आणि एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. मार्काने आपल्या रोमी वाचकांस समजावे म्हणून लिहिले आहे की, त्या दोहोंचे मिळून एक कोद्रांत नाणे होते. एका दिनारात अशी ६४ नाणी होत, आणि दिनार म्हणजे द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातील एका दिवसाची मजुरी. आजची शेतमजुरी ४०० रुपये धरली, तर त्या विधवेचे दान सव्वासहा रुपये होते. आमच्या मंदिरात ज्या दहा रुपयांवर मुले हसली, ते त्या विधवेच्या दानाहून अधिक होते! पाटीवर मांडून पाहिले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, कारण तो दहाचा आकडा ऐकून माझ्याही मनात 'इतकेच?' असे आले होते.

पण या कथेतील एक गोष्ट मला पुष्कळ दिवस अडवीत होती. दान गुप्त असावे असे शिकविणारा प्रभू स्वतः मात्र दानपेट्यांसमोर बसून कोण किती टाकितो ते पाहत होता! इतकेच नव्हे, तर त्याने शिष्यांस जवळ बोलावून ते सांगितलेही. मग पाळकाने पाहिले तर काय बिघडले? असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. आणि तो मी कोणत्या हेतूने केला ते सांगणे मला आता प्राप्त आहे.

मंडळीचे खाते निघाले तेव्हा फोन वापरण्यात पंचांपैकी कोणी तयार नव्हते, म्हणून ते माझ्याच फोनवर जोडले गेले. प्रत्येक दानाची नोंद नावासह माझ्या हातात येऊ लागली. आरंभी मी ती केवळ हिशेबापुरती पाहत असे. पुढे रविवारी रात्री, जेवण झाल्यावर, सहज पाहू लागलो. मग महिन्याच्या शेवटी कोणी दिले व कोणी दिले नाही हे मला पाठ असे. त्याचा उपयोग मी काही केला नाही असे मी समजत होतो. मी कोणास टोचून बोललो नाही, व्यासपीठावरून सूचना केली नाही. तथापि त्या वर्षाची माझ्या भेटींची वही एके दिवशी उघडून पाहिली, तेव्हा जे दिसले ते असे की, दरमहा हजार रुपये पाठविणाऱ्या एका शिक्षकाच्या घरी मी पाच वेळा गेलो होतो, आणि ज्यांच्या नावे तीन महिन्यांत एकही नोंद नव्हती अशा एका ऊसतोड कुटुंबाच्या घरी एकदाही नाही. त्यांच्याविषयी मनात मी एक शब्दही ठरविला होता: 'सुस्तावलेले'. वस्तुस्थिती अशी होती की, ते कारखान्याच्या हंगामाहून मुकादमाची उचल फिटल्यावाचून परत आले होते, आणि त्यांचा धाकटा मुलगा तालुक्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता. मला ते नवव्या दिवशी कळले, आणि तेही आमच्या बायबल-वाचक बाईंकडून.

याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्यास चांगल्या जागी बसविणाऱ्या मंडळीस दोष दिला आहे. त्या पत्रावर मी किती वेळा उपदेश केला असेन! अंगठी मी पाहिली नाही, आकडा पाहिला, फरक एवढाच.

तेव्हा प्रभूने पाहिले व मी पाहिले यात भेद काय, हे मला येणेप्रमाणे समजले. त्या विधवेने दिले किती हे पेटीसमोर बसलेल्या कोणासही दिसले असते. तिच्याजवळ उरले किती हे प्रभूने पाहिले. त्याचा सारा निर्णय या उरलेल्या रकमेवर आहे, टाकलेल्या रकमेवर नाही. आणि फोनची यादी, ती कितीही जलद व अचूक असो, दिलेले तेवढे दाखविते. उरलेले दाखवीत नाही. पाच हजार देणाऱ्याच्या घरी काय उरले, दहा देणाऱ्याच्या घरी काय उरले, काहीच न देणाऱ्याच्या चुलीवर त्या दिवशी काय शिजले, यांपैकी एकही नोंद तीत नाही. अर्धेच दाखविणारा आरसा हातात घेऊन मी प्रभूच्या आसनावर बसावयास निघालो होतो. देणाऱ्याची गुप्तता ही केवळ देणाऱ्याच्या आत्म्याच्या रक्षणासाठी आहे असे मी आजवर शिकवीत आलो. ती पाहणाऱ्याच्याही रक्षणासाठी आहे, हे मला या फोनने शिकविले.

येथे कोणी म्हणेल की, कर्णा काही या पेटीबरोबर आला नाही. हे खरे आहे. सुगीच्या सणास भोपळ्याचा व कणसांचा लिलाव करून चढत्या बोलीवर टाळ्या आपण पिढ्यान्पिढ्या वाजवीत आलो. बाकावर देणाऱ्याचे नाव, घड्याळावर नाव. एका मंदिरात तर मी पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकच नाव रंगविलेले पाहिले आहे, आणि पंखा फिरू लागला की ते कोणासच वाचता येत नसे, ही त्यातल्या त्यात कृपा! परंतु लिलावाचा कर्णा वर्षातून एकदा वाजे, व ज्यास मोठे दान द्यावयाचे तोच पुढे होई. गरिबाने आपली मूठ मिटलेली ठेवून पेटीत हात घालावा, ही वाट मोकळी राही. नवी पेटी गरिबाचेही ओरडून सांगते. मोठ्या दानाचा गर्व हा जुना शत्रू आहे, आपण त्यास ओळखितो. लहान दानाची लाज हा नवा आहे. आणि तो मनुष्यास मंडळीबाहेर नेतो.

डाव्या हाताविषयीही एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मजजवळ अर्धेच आहे. जुलै २०२० पासून या व्यवस्थेत अशी सोय झाली आहे की, एकदा संमती दिली म्हणजे ठरलेली रक्कम दर महिन्यास खात्यातून आपोआप जाते. शहरात नोकरीस गेलेल्या आमच्या एका तरुणाने गावच्या मंडळीचा आपला दशांश असा लावून दिला आहे. तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, आता मला कळतसुद्धा नाही कधी गेले ते. डाव्या हाताला कळू नये म्हणतात, ते हेच की!" मी हसलो; परंतु रात्री झोप येईना. मनुष्य निजलेला असताना त्याच्या खात्यातून जे गेले ते दान होय काय? डाव्या हातास कळले नाही हे खरे. पण उजव्यास तरी कळले काय?

मला असे वाटते की, प्रभूचे ते वचन हातांविषयी आहे, अंतःकरणाविषयी नाही. मनुष्याने आपल्या दानाचा अहंकार धरू नये, त्याचा हिशेब मनाशी घोळवू नये, असा त्याचा रोख दिसतो. देताना मन गैरहजर असावे असा नव्हे. पौल म्हणतो ते प्रत्येकाने आपापल्या मनात ठरविल्याप्रमाणे द्यावे असे आहे. तर मग त्या तरुणाचे दान संमती दिली त्या एका दिवशी झाले, आणि पुढचे सारे महिने तो नवस फेडीत आहे, असे म्हणता येईल. नवस फेडणे हे काही हलके कृत्य नव्हे. उलट, ज्याच्या हातात पगार पडताच पाघळतो, त्यास अशी बेडी हितकारक आहे. तथापि मी त्यास एक विनंती केली. ज्या तारखेस पैसे जातात त्या तारखेस सकाळी मंडळीतील एका घरासाठी नाव घेऊन प्रार्थना कर. त्याने ती मान्य केली. तो ती करितो की नाही, ते मी विचारीत नाही.

वेगाविषयी थोडे लिहावयाचे आहे. माझी आई रविवारी सकाळी मजजवळ चार आण्यांचे नाणे देई. घरापासून मंदिरापर्यंतच्या वाटेवर एक दुकान होते, व दुकानात बरणीत लिमलेटच्या गोळ्या होत्या. नाणे मुठीत घाम येऊन ओले होई. दोन वेळा ते नाणे मंदिरापर्यंत पोहोचले नाही, हे आज छापून कबूल करितो. परंतु इतर पुष्कळ वेळा ते पोहोचले, आणि दान म्हणजे काय हे मी त्या अर्ध्या मैलाच्या वाटेवर जेवढे शिकलो तेवढे सेमिनरीत शिकलो नाही. इच्छा व कृती यांच्यामध्ये ती वाट होती. तीत मोह होता, आणि मोहास नकार देण्यास अवकाशही होता. आज आमच्या मंडळीतील मुलगा आपल्या बापास फोनवर बोट टेकविताना पाहतो. त्याच बोटाने बापाने काल दुकानात खताचे पैसे दिले, परवा तंबाखूचे. मुलाच्या हातात काहीच पडत नाही, आणि म्हणून काही सोडावयाचेही नसते.

मिझोराममधील मंडळ्यांची रीत येथे आठवते. सुमारे १९१० पासून तेथील स्त्रिया प्रत्येक वेळी स्वयंपाकास तांदूळ घेताना एक मूठ देवाच्या कार्यासाठी बाजूस काढून ठेवीत आल्या आहेत, व त्या मुठींवर तेथे उपदेशक व शाळा पोसल्या गेल्या. घरात ज्या मुलाने रोज दोन वेळा ती मूठ बाजूस पडताना पाहिली, त्यास दान म्हणजे काय हे कोणी निराळे सांगावे लागले नसेल. मूठ काढताना ताटातले कमी होते हे दिसते. फोनवरचे कमी होणे दिसत नाही. आकडा बदलतो, आणि तोही पाहिला तर. मनोरा जितका जवळ व जाळे जितके जलद, तितकी ती वाट आखूड झाली. पूर्वी आमच्या गावी रेंज मिळावी म्हणून लिंबाच्या झाडाखाली जाऊन फोन उंच धरावा लागे, आणि पैसे गेले की नाही याचा पत्ता संध्याकाळपर्यंत लागत नसे. ती पीडा परत यावी असे कोण म्हणेल? आजारी मुलासाठी मुंबईच्या भावाने पाठविलेले पैसे आता क्षणात पडतात, याबद्दल मी देवाचे आभार मानितो. ज्या कामात घाई हीच दया आहे, तेथे घाई असो. अर्पण हे मात्र घाईचे काम नव्हे.

आता ज्या गोष्टीने पंचांस निर्णय घ्यावयास लाविले ती सांगतो. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा आहे. तिच्याजवळ फोन नाही. साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली आहे हे मला ठाऊक आहे, परंतु तिच्याजवळ तोही नाही. निराधार योजनेचे तिचे पैसे बँकेत पडतात. ती अंगठा लावून ते काढते, आणि मग सारा महिना ती नोटांची व नाण्यांची बाई असते. लाकडी पेटी काढल्यावर काही रविवार गेले. एके दिवशी उपासना सुटल्यावर ती मागे थांबली, पदराची गाठ सोडली, आणि गाठीतली सात नाणी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "साहेब, पेटी कुठं गेली? ह्ये सात आइतवाराचं हाय. भिंतीवरच्या कागदाला कसं द्यायचं, मला येत न्हाई."

सात रविवार ती दान घेऊन आली होती, आणि सात रविवार तिने ते घरी परत नेले होते. आम्ही कोणी पाहिले नाही. ते दिसावे अशी नोंद कोणत्याच यादीत नव्हती.

त्याच आठवड्यात पंचांची सभा बोलाविली. आमचा तरुण खजिनदार फार प्रामाणिक मुलगा आहे. त्याचे म्हणणे असे पडले की, पेटीचा आवाज बंद केला तर पैसे आले की नाही हे कसे कळावे? दुकानदारास आवाज हवा असतो, कारण गिऱ्हाईक न देताच 'दिले' म्हणून निघून जाईल. मी त्यास विचारिले, "देवाच्या घरी कोणी न देता 'दिले' म्हणाला, तर तुझे काय बुडते?" एक वयोवृद्ध पंच लगेच म्हणाले की, हनन्या व सप्पीरा यांनी तसेच केले, आणि त्यांस पेटीने पकडले नाही. यावर सभेत थोडे हसू झाले व बोलणे सोपे गेले. बोलणारी पेटी परत करावी असे ठरले. स्कॅनर राहिला, कारण दूरगावी नोकरीस असलेल्यांस दुसरी वाट नाही; पण लाकडी पेटी पुन्हा दाराशी आली, आणि ती त्याच्या आधी लागेल अशा जागी ठेविली. खाते माझ्या फोनवरून काढून खजिनदार व एका भगिनी पंचाच्या हाती दिले. वर्षाच्या शेवटी मंडळीस बेरीज वाचून दाखवावी, नावे वाचू नयेत, असेही ठरले. या शेवटल्या कलमास एक जण नाराज आहेत. त्यांचे नाव लिहीत नाही; ते हे पत्र घेतात.

दहा रुपये देणाऱ्या त्या बंधूकडे मी स्वतः गेलो. आम्ही बैलगोठ्याशी बसलो, चहा झाला. दहा रुपयांविषयी तो बोलला नाही, मीही बोललो नाही. निघताना त्याने विचारिले, "पेटी काढली म्हणतात?" मी होय म्हणालो. पुढील रविवारी तो आला.

गेल्या महिन्यात खजिनदार वह्या घेऊन घरी आला होता. हिशेब झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, या वर्षी एकाच माणसाने इतके दिले आहे की तुम्हाला आश्चर्य वाटेल. नाव सांगू?" मी नको म्हणालो, आणि त्यास दारापर्यंत पोहोचवून आलो. ते नाव मला अद्याप ठाऊक नाही. दर रविवारी व्यासपीठावरून बाकांकडे पाहताना, तो कोण असेल, हे मनात येते ते मात्र अजून थांबलेले नाही.